खुनी दुसऱ्या भागात आहे

पुस्तकात एक प्रेत होतं, सात संशयित, दोन किल्ल्या, एक बंद पडलेलं मनगटी घड्याळ आणि अर्धवट प्यायलेला एक कप चहा. खुनी कोण, ते मात्र नव्हतं. ते दुसऱ्या भागात होतं.

खरं तर कादंबरी एकच. पण जाड पुस्तक एकाने नेलं की बाकीचे ताटकळतात. म्हणून उधन्यातल्या आमच्या मराठी वाचनालयाचे काशिनाथकाका ते सरळ मधोमध कापायचे आणि दोन वेगळ्या बांधण्या करायचे. पहिला भाग संपवून मी जवळजवळ धावतच गेले.

"दुसरा आत्ताच गेला, गायत्रीबेन," काका म्हणाले. "ते बघा, निघालेच."

दारात एक मुलगा चपला घालत होता. काखेत माझं पुस्तक!

"तुम्ही पहिला भाग वाचलाय?" मी विचारलं.

"नाही."

"मग दुसरा कसा वाचणार?"

त्याने पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पानं उलटून."

"अहो, खुनी आधीच कळेल!"

"कळू दे की. मग पहिल्या भागात तो सगळ्यांशी गोड बोलत हिंडेल, आणि फक्त मलाच माहीत असेल... मजा नाही?"

मी पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये रंगाच्या छटा जुळवायचे. उत्तर आधी बघून प्रयोग करणारी माणसं मला मुळीच आवडायची नाहीत. पण हा हसला तेव्हा त्याच्या एकाच गालाला खळी पडली. दुसऱ्या गालाला का नाही, याचा विचार मी घरी पोचेपर्यंत करत होते.

त्याचं नाव योगराज. मूळचा अमळनेरचा, नुकताच डिप्लोमा झालेला. दुसऱ्या दिवशी तो वाचनालयाच्या ओट्यावर बसलेला दिसला, हातात शेव घातलेल्या पोंकाची पुडी.

"घ्या. आपला हुरडाच आहे. इथे गुजरातीत पोंक म्हणतात, म्हणून महाग."

"आधी शब्द द्या. खुन्याचं नाव सांगायचं नाही. अशी गंमत एकदाच मिळते... गेली की गेली."

"दिला. पण तुमचा संशय कुणावर, ते तरी सांगा."

"पुतण्यावर."

"का?"

"घड्याळ सव्वानऊला थांबलंय. पण साडेदहाला मोलकरीण आली तेव्हा चहा कोमट होता. एवढा वेळ चहा कोमट राहत नाही. मी घरी करून पाहिलं."

"करून पाहिलं?"

"तीनदा. आई म्हणाली, प्यायचा नसेल तर करतेस कशाला?"

तो इतका हसला की शेव त्याच्या शर्टावर सांडली.

"म्हणजे खून उशिरा झाला, आणि घड्याळाचे काटे मागे करून ते फोडलं," मी म्हणाले. "आणि सव्वानऊला आपण कुठे होतो याचे साक्षीदार फक्त पुतण्याकडे आहेत. भरपूर आहेत! फक्त दोन किल्ल्यांचं कोडं सुटत नाही."

"आणि किल्ल्या दोन का?" तो पुढे सरकून म्हणाला. डोळे चमकत होते.

मी थबकले. ज्याला उत्तर माहीत आहे, तो असं विचारत नाही... की मला चकवायला विचारत होता?

तो आठवडाभर विचारत राहिला. मी रोज लॅबमधून सुटले की ओट्यावर जायचे; तो नाव सांगणार असल्यासारखं तोंड उघडायचा आणि मी कानावर हात ठेवायचे.

शनिवारी तो पुस्तक हातात घेऊन उभा होता.

"सोमवारी हजिऱ्याच्या कारखान्यात रुजू व्हायचंय," तो म्हणाला. "राहायचंही तिथेच, क्वार्टरमध्ये. हे घ्या तुमचं पुस्तक."

आठवडाभर मला एकच धास्ती होती, याने नाव सांगितलं तर? आता पुस्तक हातात होतं आणि धास्ती भलतीच वाटत होती.

मी ते उघडायला गेले, पण उघडेना. बांधणी झाली की काशिनाथकाका पानांच्या कडांना लाल रंग लावत. ओल्या रंगाने पानं एकमेकांना चिकटत. पहिल्या वाचकाला ती नखाने सोडवावी लागत. इथे सगळी पानं चिकटलेली होती. सगळी!

"तुम्ही हे वाचलंच नाही."

"...नाही."

"एकही पान?"

"पहिल्या दिवशी चुकून घेतलं. दुसरा भाग आहे हे तुम्ही बोललात तेव्हा कळलं. तेव्हाच परत देणार होतो. पण दिलं असतं तर तुम्ही घरी गेला असता, आतून कडी लावून वाचत बसला असता. आणि मी..."

"तुम्ही काय?"

"मी इथेच राहिलो असतो. पोंक खात."

मला हसू आलं, आणि ते लपवता येईना.

"हजिऱ्याला रविवारची सुट्टी असते?" मी विचारलं.

"असते." त्याने शर्टाची कॉलर सरळ केली. "पुतण्याच खुनी निघाला, तर पुढच्या रविवारी घरी येऊन तुमच्या आईंना सांगतो, चहा वाया गेला नव्हता म्हणून. आणि... बाकीचंही बोलतो."

"आणि नाही निघाला तर?"

"तरी येतो."

"मग या," मी म्हणाले.

ओट्यावर मी थोडी सरकले. तो शेजारी बसला. पुस्तकाचा एक पुठ्ठा माझ्या हातात, दुसरा त्याच्या. पान त्याने सोडवायचं, उलटायचं मी... दोघांचं वाचून झाल्यावरच, असं ठरलं.

काकांनी कुलूप लावेपर्यंत दोन तास मिळाले. अकरा पानं वाचून झाली.