हातावरचं दही

स्लाऊच्या त्या घरावरून दिवसभर हीथ्रोची विमानं जायची, आणि एखादं गेलं की सीमाची आई वर न बघताच सांगायची, "हे गेलं बघ स्वित्झर्लंडला." मग ते ग्लासगोला जात असो नाहीतर कराचीला. आणि स्वित्झर्लंड म्हणजे तिच्या लेखी एकच गाव, लुसर्न. लग्न होऊन इंग्लंडात आल्या आल्या बाबांनी तिला कबूल केलं होतं, नेईन म्हणून. आधी घराचे हप्ते आले, मग सीमा आली, मग सीमाचं शिक्षण. सगळं मार्गी लागून बाबा रिटायर झाले, तिकिटांची चौकशी करायला लागले, तर आईच्या हृदयानं हात टेकले. कन्सल्टंट डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, विमान नको, डोंगर नको, जिनासुद्धा दिवसातून एकदाच.

"मग राहिलंच की," आई म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

पण बाबांनी एकदा मनावर घेतलं की घेतलं. तिथल्या मराठी मंडळातले गिरीशकाका ऑगस्टमध्ये लुसर्नला जाऊन आले होते आणि येताना स्लाइड्सचं गाठोडं घेऊन आले होते. बाबांनी त्या स्लाइड्स मागून आणल्या, प्रोजेक्टरही त्यांचाच आणला. एका रविवारी दुपारी सिटिंग रूमचे पडदे ओढले, भिंतीवर पांढरी चादर ताणून लावली आणि जाहीर केलं, "चला सुप्रभाबाई, बस लागली!"

सीमा ब्रॅकनेलला एका कम्प्युटर कंपनीत होती आणि रविवारी घरी यायची. मशीन चालवायचं काम साहजिकच तिच्याकडे आलं. बाबा गाइड. आईनं फक्त बसायचं आणि बघायचं. पण आई कसली नुसती बसतेय!

"अशी का जाऊ मी? घरच्या स्लिपरवर?"

"आई, आपण सिटिंग रूममध्ये चाललोय. It's just next door!"

"तुला काय कळतंय? गावाला जायचं म्हणजे नीट जायचं."

तिनं कपाटातून मोहरी रंगाचा कोट काढायला लावला. लुसर्नसाठी म्हणून सेलमध्ये घेतलेला, लेबलही न काढलेला. पायात बूट चढवले, सकाळी तळलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा मांडीवर घेतला आणि दाराशी येऊन उजवा तळवा पुढे केला.

"दही?" सीमा म्हणाली.

"मग! लांब निघालेल्या माणसाच्या हातावर घरातल्यानं दही ठेवायचं, त्यानं ते खाऊन निघायचं. म्हणजे माणूस सुखरूप परत येतं. परीक्षेला जाताना देत नव्हते का तुला?"

सीमानं हसत हसत चमचाभर दही ठेवलं. आईनं ते चाटलं आणि बाबांकडे बोट दाखवलं. "यांना?"

"गाइडला दही नसतं," बाबा म्हणाले. "तो तिथलाच."

असा तो खेळ सुरू झाला. पहिल्या रविवारी लाकडी पूल झाला. छप्पर असलेला, कडेनं फुलांच्या कुंड्या, मधेच पाण्यात उभा दगडी बुरूज. बाबा गाइडबुकातलं वाचून सांगत होते आणि आई कोटाची कॉलर वर करून चादरीकडे टक लावून बसली होती. दिवा लावला तेव्हा तिचे गाल थंडीतून आल्यासारखे लाल झाले होते. डब्यात एकही पुरी नव्हती.

"तू सगळ्या खाल्ल्यास ना? मीठ बंद आहे तुझी," सीमा कडाडली.

"माझं," आईनं सुधारलं. "मीठ माझं बंद आहे. आणि मी नाही गं खाल्ल्या. ते राजहंस किती मागे लागतात!"

बाबा पोट धरून हसले. सीमालाही हसू आलं. आईची थट्टा ती, म्हणून सोडून दिलं.

दुसऱ्या रविवारी खडकात कोरलेला सिंह झाला, तिसऱ्या रविवारी गावामागचा जुना तट. तटावर घड्याळाचा बुरूज होता. बाबा त्याची माहिती पुस्तकात शोधत होते, तेवढ्यात आईनं हात वर केला. "ऐका, वाजले." कुणाला काही ऐकू आलं नाही. मग थोड्या वेळानं हॉलमधल्या घड्याळाचे ठोके पडले. बाबांना पान सापडलं आणि ते चष्मा सावरत वाचायला लागले, की या बुरुजावरच्या घड्याळाला मान आहे, गावातल्या इतर घड्याळांच्या एक मिनिट आधी वाजायचा. वाचता वाचता ते थांबले. आई मजेत पाय हलवत होती.

"तुला कसं माहीत?" सीमानं विचारलं.

"अगं, कानावर पडलं."

पुढच्या रविवारी पूल पुन्हा बघायचा हट्ट झाला. सीमानं स्लाइड सरकवली आणि तिचा हात बटणावरच राहिला. पुलाच्या पार टोकाला एक बाई पाठमोरी उभी होती. बुटकी, डावा खांदा किंचित उतरलेला. अंगात मोहरी रंगाचा कोट.

सीमानं संध्याकाळी गिरीशकाकांना फोन लावला. "काका, पुलाच्या फोटोत कोट घातलेली एक बाई आहे, ती कोण?"

"कोट? छे गं! ऑगस्टमध्ये गेलो होतो आम्ही. घामाच्या धारा लागल्या होत्या सगळ्यांना."

सीमा दिवसभर कम्प्युटरशी डोकं लावणारी मुलगी. प्रोग्रॅम चुकला तर चुकलेली ओळ सापडेपर्यंत तिला जेवण जायचं नाही. पण या खेपेला तिनं शोधलं नाही. कारण आई जिना चढायला लागली होती. दोनदा, तीनदा, आणि वर जाऊन धापही न टाकता गाणं गुणगुणत होती. क्लिनिकमध्ये नव्या गोळ्यांचं कौतुक झालं. बाबा इतके खुशीत होते की शेजारच्या मिसेस पार्कर यांना पुऱ्या देऊन आले. सीमाला आई हवी होती, बाकी काही नको होतं. ती का बरी होतेय हे विचारलं तर ती बरी व्हायची थांबेल, असं तिला मनातून वाटायचं. हे तिनं कुणालाही सांगितलं नाही.

फेब्रुवारीत आई म्हणाली, "आता पिलाटस."

पिलाटस म्हणजे लुसर्नजवळचा डोंगर. दातेरी रुळांवरून गाडी थेट वर जाते. बाबांचा चेहरा उतरला. "डोंगर नको म्हणालेत डॉक्टर."

"अहो, भिंतीवरचा डोंगर!" आई म्हणाली.

त्या दिवशी थंडी मरणाची होती. आदल्या रात्री विरजण लावलेलं दूध सकाळी दूधच राहिलं होतं. आई कोट घालून, बूट चढवून दाराशी तळवा पुढे करून उभी. सीमानं फ्रिज उघडला. आत तिनंच आणलेला स्ट्रॉबेरी योगर्टचा डबा होता.

"आई, दही नाहीये. हे चालेल? Same thing, really."

तळव्यावर गुलाबी गोळा पडला. आई बघतच राहिली, मग खळखळून हसली. "अगं बाई, हे कसलं रंगीत दही!" तिनं ते चाटलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि सीमाच्या गालावर चिकट हात फिरवला. "चल, लाव तुझं मशीन."

गाडीची स्लाइड झाली, बोगदा झाला. मग शिखर, लोखंडी कठडा, खाली ढग. बाबा उंची सांगत होते. आई काही बोलत नव्हती.

"सुप्रभा?" बाबा म्हणाले.

सीमानं दिवा लावला. आई खुर्चीत मागे टेकून बसली होती, चेहऱ्यावर हसू तसंच. तिच्या बुटांखाली कार्पेट भिजलं होतं. टाचेच्या खोबणीत बर्फ अजून पुरता विरघळला नव्हता.

आईचं दहावं-तेरावं झालं. मंडळातली माणसं आली, डबे आले, गेले. आईचा कोट सीमाला हॉलच्या खुंटीवर बघवेना, म्हणून तिनं तो हाय स्ट्रीटवरच्या चॅरिटी शॉपमध्ये नेऊन दिला आणि गाडीत बसून पोटभर रडली. स्लाइड्स मात्र बाबांनी परत केल्या नाहीत. गिरीशकाका समजूतदार, त्यांनीही विषय काढला नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी सीमा आली तर पडदे ओढलेले होते आणि चादर ताणलेली. बाबांनी करडा ओव्हरकोट घातला होता. दाढी गुळगुळीत केली होती. टेबलावर वाटीभर दही, सुरी फिरवली तर कापलं जाईल असं.

"मी लावलंय," बाबा म्हणाले. "जमायला लागलंय आता. तू आधी ती शेवटची स्लाइड लाव."

शिखर, कठडा, ढग. कठड्याशी मोहरी कोट. या वेळी पाठ नव्हती. आई सरळ त्यांच्याकडे बघत होती, गर्दीत चुकलेल्या माणसासारखी, आणि तिनं उजवा तळवा पुढे धरला होता.

तळव्यावर गुलाबी डाग होता.

"बाबा..." सीमा त्या डागाकडे बघत म्हणाली. "माझ्यामुळे. मी ते योगर्ट..."

"वेडी आहेस का? तुझ्यामुळे काही नाही." बाबांनी तिला जवळ घेतलं. त्यांच्या कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. "दरवेळी ती एकटी गेली बघ. मी आपला गाइड म्हणून मिरवत इथेच उभा. नेईन म्हणालो होतो ना मी तिला? एकदाही नेलं नाही. चल, ठेव माझ्या हातावर."

सीमानं दही ठेवलं.

बाबांनी ते खाल्लं नाही. त्यांनी मूठ मिटली.

"खायचं असतं ना ते?"

"एवढं दही एकालाच पुरतं गं," बाबा म्हणाले आणि आईच्या खुर्चीत जाऊन बसले. "घालव दिवा."

सीमानं दिवा घालवला.

प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता. वरून एक विमान गेलं.

खोली गार होत गेली. इतकी, की सीमाला स्वतःचा श्वास उजेडाच्या झोतात दिसला.

कुठेतरी लांब घड्याळाचे ठोके पडले. हॉलमधलं घड्याळ गप्प होतं.

सीमानं चादरीकडे बघायचं नाही असं ठरवलं. मग बघितलं.

कठड्याशी एक म्हातारा माणूस उभा होता. पाठमोरा. करड्या ओव्हरकोटातला, दोन्ही हात खिशात घालून खालचे ढग बघत. शेजारी कुणीही नव्हतं.

हॉलमधलं घड्याळ आत्ता वाजलं.

तिनं पडदा बाजूला सारला. बाबा खुर्चीत मागे टेकून बसले होते. मूठ उघडली होती आणि तळवा स्वच्छ, पुसल्यासारखा. बुटांखाली कार्पेट भिजलेलं.

"बाबा," तिनं हाक मारली. पुन्हा मारली. हात गार होता.

फोन हॉलमध्ये होता. ती भिंत धरत धरत तिथवर गेली आणि तिचा धक्का खुंटीवरच्या कोटाला लागला. कोट ओला होता. मोहरी रंगाचा. त्याच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं.

स्वयंपाकघरातून आल्याचा वास येत होता. चहाचं आधण कुणीतरी टाकलं होतं, आणि बांगड्या वाजत होत्या.

सीमा दारापर्यंत गेली. तिथूनच तिला ओटा दिसला. बाबांचा मोठा तपकिरी मग वर हुकाला तसाच टांगलेला होता.

ओट्यावर कप दोनच काढले होते.