शर्टाच्या खिशातली गोळी

निळा शर्ट मशीनमध्ये टाकण्याआधी तिने सवयीने खिसा चाचपला, आणि बोटांना काहीतरी लागलं. फिकट हिरवी, लांबट गोळी. मधोमध रेघ.

ही गोळी तिच्या ओळखीची होती. बाबांना शुगर होती आणि रोज सकाळी ते हीच घ्यायचे... म्हणजे घ्यायला हवी होती. "मी ठणठणीत आहे, मला कशाला गोळी?" असं म्हणत आठवड्यातून दोनदा तरी ते चुकवायचेच.

पण हा शर्ट बाबांच्या वयाच्या माणसाचा नव्हता.

लाँड्री बापलेकीची होती. बाबा इस्त्री बघायचे, ती काउंटर. समोरच्याला प्रश्न विचारल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही, म्हणून बाबांनी तिचं नाव 'चौकशी खिडकी' ठेवलं होतं.

संध्याकाळी सहाला शर्टाचा मालक आला. उंच, उन्हाने रापलेला, कपाळावर हेल्मेटच्या पट्ट्याचा वळ.

"हे तुमच्या खिशात होतं."

त्याने गोळी उचलली. "हो का? परवा डोकं दुखत होतं."

"डोकेदुखीची गोळी हिरवी असते?"

"आमच्याकडे असते."

"तुमच्याकडे म्हणजे कुठे?"

"पलीकडच्या गल्लीत."

ती खुदकन हसली. तोही हसला. गोळी मात्र त्याने परत खिशातच टाकली, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

पुढच्या आठवड्यात दोन गोळ्या निघाल्या. त्यापुढच्या आठवड्यात तीन. रविवारच्या टी-शर्टात मात्र काही नसायचं.

"कामाच्या दिवशीच डोकं दुखतं वाटतं?"

"तुम्ही लाँड्री चालवता की पोलीस चौकी?"

"खिसे दोन्हीकडे तपासतात."

"बरं. मग एका फेरीला एकच प्रश्न. मंजूर?"

मंजूर! त्या फेऱ्यांमधून तिला कळलं, की तो क्रेन चालवतो. नदीपलीकडे मोठी इमारत उभी राहतेय, तिथली पिवळी क्रेन. वर चढायला दोनशे चाळीस पायऱ्या. घरी मोठी बहीण, भयंकर शिस्तीची. केबिनमधून सगळं शहर दिसतं, आणि लाँड्रीचं लाल छप्परसुद्धा.

"रोज बघता?"

"हा दुसरा प्रश्न झाला," तो म्हणाला आणि कान लाल करून निघून गेला.

आधी आठवड्यातून एकदा येणारा माणूस आता तीनदा यायला लागला. एकदा तिने शर्ट नाकाशी नेला. "अहो, हा धुतलेलाच आहे!"

"हो... पण नीट धुतला नव्हता."

एका संध्याकाळी बाबा केस कापायला गेले होते. मशीन घुर्र घुर्र करत होतं, दुकानात साबणाचा ओला वास भरला होता. तो काउंटरबाहेरच्या बाकावर टेकला. तिने त्याच्यासमोर चार गोळ्या ठेवल्या आणि हळूच विचारलं, "का नाही घेत?"

तो बोटं मोडत म्हणाला, "हसणार नाही ना?"

"नाही."

"दोन महिन्यांपूर्वी गोळी घेतली आणि घाईघाईत न खाताच वर चढलो. अकराच्या सुमाराला शुगर एकदम उतरली, दरदरून घाम फुटला. हात लटपटायला लागले. समोर लोखंडी सळ्यांचा भारा लटकतोय, खाली माणसं... मी मशीन बंद केलं आणि डबा उघडला. चमचा तोंडाशी नेईपर्यंत निम्मं सांडलं. खाली सांगितलं, मशीन अडकलंय. तेव्हापासून कामाच्या दिवशी गोळी पाकिटातून काढतो आणि खिशात ठेवतो. ताई पाकिटं तपासते. फेकून द्यायला मात्र हात होत नाही."

आळस असेल, विसर असेल, असंच ती धरून चालली होती. भीती तिच्या डोक्यातही आली नव्हती.

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"सांगितलं तर क्रेन जाईल. आणि या वयात शुगर... लोक कसे बघतात माहितीये? रिपोर्टमध्ये शुगर वाढलेली दिसली, तर डॉक्टरांनी डोसच वाढवला. त्यांना वाटतं मी घेतोय. आता तर ती गोळी हातात धरायचीच भीती वाटते."

"आणि न घेता बरं वाटतं?"

तो जमिनीकडे बघायला लागला. "हल्ली... खालचा माणूस हात करतो ना, तो अंधुक दिसतो."

"काय?" ती उभीच राहिली. "माणसाचा हात दिसत नाही, आणि त्याच्या डोक्यावर तुम्ही सळ्या फिरवता? अक्कल गहाण टाकलीय का?"

त्याचा चेहरा उतरला. तो उठला, आणि धुतलेले चार शर्ट तिथेच ठेवून गेला.

नऊ दिवस तो आला नाही.

"त्याच शर्टाला तिसऱ्यांदा इस्त्री करतेयस," बाबा म्हणाले. "जळेल तो."

तिने इस्त्री बाजूला ठेवली. मग काय वाटलं कोण जाणे, आवाज अगदी खाली आणून तिने विचारलं, "बाबा, तुम्ही गोळी का चुकवता? खरं सांगा."

बाबा कपड्यांच्या घड्या नीट करत राहिले. "घेतली की दुपारपर्यंत मळमळतं गं. तू ओरडशील म्हणून बोललो नाही कधी."

तू ओरडशील म्हणून! आठ वर्षं ती बाबांना गोळीची आठवण करून देत होती. काय होतं, हे एकदाही विचारलं नव्हतं. तिने बाबांसाठी डॉक्टरांची वेळ घेतली, त्याचे चारही शर्ट पिशवीत घातले आणि भर दुपारी नदीपलीकडे गेली.

पिवळी क्रेन फिरत होती. केबिनमध्ये कुणी भलताच माणूस होता. ती झपाझप पुढे निघाली... आणि तेवढ्यात तो दिसला. खाली धुळीत उभा, गळ्यात शिट्टी, वर बघत हाताने खुणा करणारा. भारा जमिनीला टेकला, आकडा सुटला, तेव्हाच त्याने तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही? इथे?"

"शर्ट राहिले होते."

"दुसऱ्याच दिवशी साहेबांना सगळं सांगितलं," तो म्हणाला. "डॉक्टरांनाही. ते म्हणाले, आधी बोलला असतास तर डोस वाढवलाच नसता. आता दुसरी गोळी दिलीय, जेवणाबरोबर घ्यायची. ही तशी शुगर एकदम खाली आणत नाही म्हणे. शुगर ताब्यात आली, की बहुतेक नजरही साफ होईल. तोवर मी खाली, इथे भारा जवळून नीट दिसतो. परत वर पाठवतील की नाही, माहीत नाही."

"मग दुकानात का नाही आलात?"

"काय तोंडाने येणार? तुम्हाला क्रेनवाला माहीत होता. हा शिट्टीवाला तुम्हाला..."

"मी चुकले," ती मधेच म्हणाली. "काळजी वाटली आणि मी नुसतीच ओरडले. नऊ दिवस झाले, माझं लक्ष लागत नाहीये. तुम्ही वर असा नाहीतर खाली असा... मला तुम्ही हवे आहात. झालं!"

तिचा चेहरा तापला.

"ओ शिट्टी!" वरून आवाज आला. "आकडा खाली घेऊ का?"

त्याने वर न बघताच हात उंच केला आणि मूठ आवळली. थांब. क्रेन जागच्या जागी थांबली. सिमेंटवाले थांबले, सळ्या वाकवणारे माना वळवून बघायला लागले.

"मलाही," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. पण तू इतके प्रश्न विचारायचीस, की मला बोलायला जागाच मिळेना."

"आता मिळालीय की."

जेवणाचा भोंगा झाला. दोघं लाकडी फळीवर शेजारी शेजारी बसले. त्याने डबा उघडला, दोन घास खाल्ले, बाटलीतल्या पाण्याबरोबर गोळी घेतली आणि डब्याचं झाकण तिच्यासमोर ठेवून त्यात अर्धं जेवण वाढलं.