त्या खोलीत कोण राहतं

महाराष्ट्र मंडळाच्या अंकात माझं पहिलं परीक्षण छापून आल्यापासून मी प्रदर्शनं नुसती बघत नाही, तपासते. श्टुटगार्ट झालं होतं, आता म्युनिक. सुट्टीत म्युनिकजवळ गार्चिंगला मालविकाकाकूकडे आले होते आणि तिने चक्क तिच्या लेकाला, मनूला, एकट्या माझ्याबरोबर पाठवलं. "मोठी झालीस आता, कुहू. फक्त त्याला नजरेआड होऊ देऊ नकोस." इतका भाव मिळायची मला सवय नव्हती.

ऊ-बानमध्ये, म्हणजे भुयारी गाडीत, मी मनूला चित्र कसं बघायचं यावर भाषण दिलं. सात वर्षांच्या मनूला मराठी सगळं कळतं, बोलतो मात्र फक्त जर्मन. "लांगवाइलिश," तो म्हणाला. म्हणजे कंटाळवाणं.

प्रदर्शनात सगळी घरांच्या आतली चित्रं होती. खोल्याच खोल्या, माणूस एकही नाही. शेवटच्या दालनातलं चित्र दाराएवढं, जवळजवळ जमिनीला टेकलेलं. लाकडी जमीन, कोपऱ्यात हिरव्या फरशांची शेगडी, अर्धं उघडं पांढरं दार. उजेड सुंदर, पण शेगडी घाईत उरकलेली, असं मी फोनवर टाइप करत होते.

"वेअर वोन्ट दा?" मनूने विचारलं. तिथे कोण राहतं?

"जाऊन विचार की," मी मान वर न करता म्हटलं. "पण बूट काढून हं. लोकांच्या घरात असं धाडकन शिरायचं नाही."

मान वर केली तेव्हा मनू नव्हता.

चित्राखाली त्याचे बूट होते. टोकं भिंतीकडे, एकाला एक लावून. मनू बूट भिरकावतो. काकू रोज त्यावरून ओरडते.

दालनाला एकच दार होतं आणि तिथे पहारेकरीण बसली होती. इथून कोणी गेलेलं नाही, ती म्हणाली, आणि वॉकीटॉकीवर हळू आवाजात बोलू लागली. मी बाकांखाली बघितलं. पडद्यामागे बघितलं. काकूला काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

चित्राजवळ जळत्या लाकडाचा वास येत होता.

मग मला काय सुचलं कोण जाणे. काकू रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातून मारते तशी मी हाक मारली, चित्राकडे तोंड करून.

"मनू, चल रे. पानं घेतलीत."

"आलो."

आवाज मागून आला. तो दालनाच्या मधोमध उभा होता, पायात नुसते मोजे.

मी त्याला इतकं घट्ट धरलं की पहारेकरीण हसायला लागली. "हो, हो, मुलं अशीच," ती म्हणाली. त्याच्या केसांना धुराचा वास होता. मला काहीही चालणार होतं. तो सापडला होता.

परतताना मनू मराठीत बोलत होता. अगदी स्वच्छ. "ही गाडी जमिनीखालून जाते का गं?" मी खूश. एका प्रदर्शनात पोराला मराठी आलं, हे परीक्षणात घालायलाच हवं.

काकूने दार उघडलं.

"काकू, पाणी देता?" मनू म्हणाला.

काकूच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. "बघ, तुझं ऐकून आता मलाही काकू. म्हणू दे बाई, मराठीत तर म्हणतोय." तिने लगेच पुण्याला फोन लावला.

मनूने वरण-भात मागून घेतला, पानात काही टाकलं नाही, ताट स्वतः विसळून ठेवलं. काकू फोनवर तेही सांगत होती. मी सोफ्यावर पाय पसरून परीक्षण लिहायला घेतलं. दिवसभरात पहिल्यांदा छाती हलकी वाटत होती.

तेवढ्यात तो जॅकेटची सगळी बटणं लावून काकूसमोर येऊन उभा राहिला.

"जेवण छान झालं, काकू. निघतो आता. आई हाक मारतेय."