आजोबांचं पिच कुठे गेलं?

माडवण गावच्या शाळेच्या भिंतीवर आकड्यांची एक रांग होती. गावातलं जे मूल क्रिकेटसंघाचा कर्णधार होईल, त्यानं शाळेच्या पायरीपासून किनाऱ्यावरच्या स्टंपपर्यंत पावलं मोजायची आणि आकडा भिंतीवर लिहायचा, अशी पद्धतच होती. सन २०५२ मध्ये बारा वर्षांची शलाका तांडेल कर्णधार झाली. तिनं ऐटीत पावलं मोजली. चौऱ्याऐंशी. लिहायला ब्रश उचलला आणि ती थबकली.

रांगेत बरंच वर बाबांचा आकडा होता, एकशे चाळीस. त्याच्याही वर आजोबांचा, दोनशे दहा.

"बाबा, तुमचं पिच एवढं लांब कसं?" तिनं घरी येऊन विचारलं.

"आमची पावलं आखूड असतील गं," बाबा चहा गाळत म्हणाले.

"तुम्ही तेव्हा बाराचे होतात, मीही बाराची आहे. आणि फोटोत तर तुम्ही माझ्यापेक्षा उंच दिसता."

"मग मोजताना चुकलो असेन. गणितात कच्चाच होतो मी." बाबांनी चहा आणि विषय, दोन्ही एका घोटात संपवले.

शलाकाला मात्र विषय सोडवेना. तिच्या स्टंपच्या मागे आता लगेच सुरूची झाडं होती. आणखी मागे सरकायला जागाच नव्हती. या पावसाळ्यात समुद्र आत आला, की मैदान संपलं! त्यावर एक उपाय होता. किनाऱ्यावर मर्यादवेल लावायची. ती वाळूवर पसरते आणि मुळांनी वाळू धरून ठेवते. पण लागवडीला पहिल्या रविवारी सात माणसं आली, दुसऱ्या रविवारी दोन, आणि आज फक्त शलाका आणि चिंबोरी.

चिंबोरी म्हणजे गावचा खेकड्याच्या आकाराचा यंत्रमानव. सहा पाय, दोन नांग्या आणि पोटात भरतीमापक (समुद्राचं पाणी किती चढलं-उतरलं ते नोंदवणारं उपकरण). रोज सकाळी सात वाजता ती भोंग्यावरून सांगायची, "पृथ्वी तापते आहे. समुद्र चढतो आहे. कृपया काळजी करावी." गाव त्या तालावर दात घासायचं.

"चिंबोरी, आपली माणसं वाईट आहेत का गं?" वाळूत बसत शलाकानं विचारलं.

"छे! मागच्या महिन्यात होडी उलटली तेव्हा लोक भरल्या ताटावरून उठून धावले होते."

"मग आता का नाही धावत?"

"आधी सांग, तुझा डबा कुठे आहे?"

"हा काय, इथे..." शलाकानं हात टाकला, तर तिथे नुसती वाळू! डबा चांगला दहा हात लांब होता.

"मी सरकवला. आपण बोलत होतो तेव्हा, एकेक बोट," चिंबोरी म्हणाली. "झटकन उचलला असता तर?"

"तर तुझी नांगी पिरगाळली असती!"

"बघ. माणसाचा मेंदू झटकन होणाऱ्या गोष्टींना घाबरायला शिकला आहे. साप, आग, उलटलेली होडी. पण तापलेलं पाणी थोडं थोडं फुगतं, दूरचं बर्फ हळूहळू वितळतं, कुणी वाळू उपसून नेतं. किनारा वर्षाला दोन पावलं जातो, मुलं स्टंप दोन पावलं मागे घेतात आणि खेळ चालू. प्रत्येकाला आपल्या लहानपणचा समुद्रच खरा वाटतो. तीच त्याची आधाररेषा (जिच्याशी ताडून आपण 'किती बदललं' ते ठरवतो). मुलांची आधाररेषा आईबापांच्या मागे सरकलेली असते, आणि ते कुणाच्या लक्षातच येत नाही."

"पण तू तर रोज सांगतेस!"

चिंबोरीच्या नांग्या खाली झाल्या. "तिथे माझंच चुकलं. मी नुसती भीती घातली. भीती मोठी आणि हातात काम काहीच नाही, असं झालं की मन दार लावून घेतं. एवढ्या समुद्रापुढे माझी एक वेल काय करणार, असं वाटतं."

शलाकानं शाळेच्या भिंतीवरचे आकडे आठवून पाहिले. मग एकदम उठली. "उद्या सकाळी भोंग्यावर मी बोलणार."

सोमवारी भोंगा वाजला. "येत्या रविवारी ओहोटीला सामना. आजी कर्णधार विरुद्ध माजी कर्णधार. प्रत्येकानं आपापल्या जुन्या पिचवर बॅटिंग करायची. ज्यांना येत नसेल त्यांनी घरी बसावं."

असं म्हटल्यावर माडवणात कोण घरी बसतंय? रविवारी अख्खं गाव लोटलं. चिंबोरीनं पावलं मोजत बाबांना नेलं. एकशे चाळिसाव्या पावलाला बाबा गुडघाभर पाण्यात होते. आजोबा बॅट खांद्यावर टाकून चालतच राहिले. दोनशे दहाव्या पावलाला पाणी त्यांच्या कमरेला लागलं. स्टंप म्हणून चिंबोरीच शेजारी उभी राहिली.

"टाक गो बॉल!" आजोबा ओरडले.

बॉल आला आणि तरंगत लांब गेला. माणसं हसून हसून वाळूत बसली. आजोबाही हसले. मग त्यांनी किनाऱ्याकडे वळून पाहिलं आणि हसायचे थांबले.

"वेदांत," त्यांनी बाबांना हाक मारली, "अरे, इथे कोरडी वाळू होती. पाय भाजायचे."

बाबांनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग सुरूच्या झाडांना टेकलेल्या लेकीच्या स्टंपकडे. ते पाण्यातून बाहेर आले आणि म्हणाले, "कुठे आहेत त्या वेली? आणि घमेली?"

"प्रत्येकाला दहा वेली, एवढंच," शलाका म्हणाली. संध्याकाळपर्यंत दोन हजार वेली लागल्या. आजोबांनी अकरा लावल्या आणि ते दिसेल त्याला सांगत सुटले.

पुढच्या वर्षी वाघेश नावाचा मुलगा कर्णधार झाला. तोवर किनारा जांभळ्या फुलांनी भरला होता. तो पावलं मोजत निघाला आणि सगळं गाव श्वास रोखून त्याच्या मागे.

"चौऱ्याऐंशी!"

भिंतीवर तोच आकडा दुसऱ्यांदा लागला, असं कधीच झालं नव्हतं.

"पावलं आखूड असतील त्याची," बाबा पुटपुटले.

"मी टेपनं मोजलंय," चिंबोरी म्हणाली. "समुद्र अजून चढतोच आहे. नुसत्या वेलींनी भागणार नाही, जगभरचा धूरही कमी करावा लागेल. पण आता निदान आपण मोजतोय."

आता सकाळी सात वाजता चिंबोरी भोंग्यावरून सांगते, आज कुणी काय करायचं ते. लोक तोंडात ब्रश तसाच धरून ऐकतात.