डोंगराच्या पोटातली पावलं

वाचून हसलात तरी माझी हरकत नाही. मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो.

पण हे घडलंय. आमच्याच घरच्यांसोबत घडलंय. अर्धं माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीच्या बाबतीत, आणि उरलेलं अर्धं माझ्यासमोर.

दिवस रविवारचा होता. वेळ भर दुपारची. बाहेर लख्ख ऊन.

पण जिथे हे घडलं तिथे ऊन कधी पोचलेलंच नाही.

एक बंद पडलेली खाण. वर अख्खा डोंगर. लिफ्टनं खाली जायला इतका वेळ लागतो की कानांना दडे बसतात. तिथे, खडक कोरून केलेल्या एका दालनात, माझ्या ताईची प्रयोगशाळा होती.

ताई पीएचडी करत होती. विषय विचारलात तर तिचं उत्तर पाठ होतं. "जमिनीच्या आत खोल युरेनियम, थोरियम असतं. ते हळूहळू विरत असतं. त्यातून न्यूट्रिनो नावाचे कण निघतात. ते खडकातून, समुद्रातून, तुझ्यामाझ्यातून आरपार जातात आणि कुणाला पत्ताही लागत नाही. त्यातला एखादा अडकला की पृथ्वीच्या पोटात काय चाललंय ते कळतं."

"आणि असे किती अडकतात?" बाबांनी एकदा विचारलं.

"चांगलं वर्ष असेल तर वीसेक."

"वर्षाला?"

"वर्षाला."

बाबा आईकडे वळून म्हणाले, "बघ, तुझी लेक माझ्यावर गेलीय. मीपण वर्षानुवर्षं ऑफिसात काही न होण्याची वाट बघत बसलो."

आम्ही पोट धरून हसलो. ताईसुद्धा.

तर त्या दालनात एक प्रचंड मोठा गोळा होता. दोन मजली घर आत बसेल एवढा. आत तेलासारखं काहीतरी भरलेलं, आणि भोवती हजारो काचेचे डोळे, सगळे आत रोखलेले. कण अडकला की आत क्षणभर उजेड होतो, आणि ते डोळे तो टिपतात.

पण एक कटकट होती. आकाशातून दुसरेच कण पडत असतात. एवढा डोंगर डोक्यावर असूनही त्यातले काही खाली पोचतातच. ते ओळखून बाजूला काढावे लागतात. म्हणून दालनाच्या छताला आणि जमिनीला खास फळ्या लावल्या होत्या. आकाशातला कण आला की आधी छताची फळी पेटणार, मग जमिनीची.

लक्षात घ्या, या फळ्यांना वजन कळत नाही. त्यांच्यावर हत्ती नाचला तरी त्या ढिम्म. त्यांना फक्त तो कण कळतो.

बुवानं या फळ्यांना एक छोटा स्पीकर जोडला होता.

बुवा म्हणजे ताईबरोबर पीएचडी करणारा मुलगा. दाढी एवढी वाढवलेली की सगळे त्याला बुवाच म्हणायचे. हसरा, खादाड, सतत काहीतरी जोडत-तोडत बसणारा. छताची फळी पेटली की 'टिक' वाजायचं, जमिनीची पेटली की जाडसर 'टुक'. दिवसभर दालनात टिक-टुक, टिक-टुक चालायचं. ताई म्हणायची, त्याची इतकी सवय झाली होती की घरी आल्यावर झोप यायची नाही.

आणखी एक. ताई आणि बुवाचं जमलं होतं. मला एकट्यालाच माहीत होतं. पुढच्या आठवड्यात तो आमच्याकडे येऊन आईबाबांशी बोलणार होता. बाबांसमोर दाढी ठेवावी की काढावी, यावर दोघांचं भांडणसुद्धा झालं होतं.

त्या रविवारी एका पंपानं कुरकुर सुरू केली. खाली एकट्यानं जायचं नाही असा नियम. म्हणून दोघं गेले.

पंप दहा मिनिटांत ठीक झाला. मग दोघं दालनाच्या कोपऱ्यातल्या छोट्या खोलीत बसले. स्क्रीन, टेबल, तीन खुर्च्या. दार लोखंडी, वर काचेची चौकट. बुवानं डबा उघडला. गप्पा सुरू झाल्या.

ताईच्या आधी लक्षात आलं नाही.

मग तिला वाटलं, काहीतरी कमी आहे...

टिक-टुक बंद झालं होतं.

"तुझा स्पीकर गेला वाटतं," ती म्हणाली.

बुवानं पुढे वाकून स्क्रीन बघितली. त्याचा घास हातातच राहिला.

स्पीकर ठीक होता. फळ्याही ठीक होत्या. आकाशातून काही येतच नव्हतं. एकही कण नाही.

"असं होत नाही," बुवा म्हणाला.

"वायर सुटली असेल."

"सगळ्या फळ्यांची? एकदम?" तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "याचा एकच अर्थ होतो. आपल्या डोक्यावर आहे त्यापेक्षा खूप जास्त डोंगर आहे. म्हणजे आपण... खूप खोल आहोत."

"गप रे. घाबरवू नकोस."

दोघं स्क्रीनकडे बघत बसले.

आणि मग...

टुक.

फक्त टुक. आधी टिक नाही.

जमिनीची एक फळी पेटली होती. गोळ्याच्या बरोबर खालची. म्हणजे जे काही आलं, ते वरून आलेलं नव्हतं.

टुक.

शेजारची फळी.

टुक...

तिच्या पुढची.

स्क्रीनवर फळ्यांचा नकाशा होता. चौकटीमागून चौकट पेटत होती. एका रांगेत. मधलं अंतर सारखं, मधला वेळही सारखा.

कुणीतरी सावकाश चालत यावं तसं.

ताईनं काचेतून बाहेर बघितलं. दालनात सगळे दिवे चालू होते. जमीन रिकामी होती.

टुक.

एकदा ते थांबलं. मग डावीकडच्या फळीवर गेलं. परत आलं. ताई म्हणाली, नवीन घरात शिरलेला माणूस इकडेतिकडे बघतो ना, अगदी तसं.

मग ते सरळ खोलीच्या दिशेनं आलं.

टुक.

टुक.

शेवटची फळी दाराच्या बाहेर होती.

टुक...

त्यानंतर काहीच नाही.

खोलीच्या खाली फळ्या नव्हत्या. ते दाराबाहेर थांबलंय की आत आलंय, कळायला काही मार्गच नव्हता.

त्याच वेळी हवेचा पंखा थांबला. वर्षानुवर्षं न थांबलेला.

ती बुवाला काहीतरी म्हणणार, तेवढ्यात तिला त्याचा चेहरा दिसला.

बुवा तिच्याकडे बघत नव्हता. तो तिसऱ्या खुर्चीकडे बघत होता.

रिकाम्या.

त्यानं ताईकडे न बघताच हात लांब केला आणि तिचं तोंड घट्ट दाबलं. दुसरा हात स्वतःच्या ओठांवर. गप.

मग तो ऐकू लागला. फोनवर ऐकतो तसा. मान जराशी कलती.

ताईला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

"हो," बुवा म्हणाला.

थोडा वेळ गेला.

"हो. वरून."

पुन्हा तो ऐकत राहिला. त्यानं तिचं तोंड आणखी घट्ट दाबलं.

"नाही. दुसरं कुणी नाही. मी एकटाच आहे."

ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. का, ते तिचं तिलाही कळत नव्हतं.

खूप वेळानं बुवा म्हणाला, "बरं. चल मग."

त्यानं अलगद तिच्या तोंडावरचा हात काढला. तिच्याकडे बघितलं नाही. उठला. दार उघडलं. उघडून धरलं... आपल्यामागून कुणी येत असलं की धरतो तसं. जरा जास्तच वेळ धरलं. मग स्वतः बाहेर पडला आणि दार लावून घेतलं.

ताई दोन्ही हातांनी तोंड दाबून बसून राहिली. हाक मारायची हिंमत झाली नाही.

बऱ्याच वेळानं पंखा घरघरला.

टिक-टुक. टिक-टुक.

सगळं पहिल्यासारखं.

ती धडपडत लिफ्टपाशी गेली. वर आली तर लिफ्टवाले काका तिच्यावरच उखडले. "अहो, तुम्ही एकट्या कशा राहिलात खाली? नियम माहीत नाही? मला वाटलं, त्यांच्याबरोबर तुम्हीच आहात."

"असं का वाटलं?"

"का म्हणजे? लिफ्टचा इंटरकॉम चालूच होता. वर येईपर्यंत साहेब कुणाशी तरी बोलत होते ना!"

बुवा तोवर निघून गेला होता.

त्या दिवसानंतर तो प्रयोगशाळेत आला नाही. ताईला एकच मेसेज आला. 'मला शोधू नकोस. फोन करू नकोस. चुकूनही समोर येऊ नकोस.' बस. मग नंबरच बंद.

तिच्या सरांनी सगळं तपासून घेतलं. म्हणाले, ओलावा शिरला असेल, फळ्या वेडंवाकडं दाखवत असतील. बुवाबद्दल म्हणाले, "पीएचडीत मुलं खचतात. तो पहिला नाही."

ताईनं तेच धरून ठेवलं. दुसरं करणार तरी काय? ती रडली, वाळली, मग पुन्हा कामाला लागली. हे सगळं तिनं मला एकदाच सांगितलं, गच्चीवर, आणि शेवटी म्हणाली, "लग्न नको होतं तर तोंडावर सांगायचं होतं त्यानं. एवढं नाटक कशाला?"

मी हसलो होतो, असं वर म्हटलं ना... ते तेव्हा. तिला बरं वाटावं म्हणून.

यानंतर दीडेक वर्ष गेलं असेल.

मी कान तपासायचं काम करतो. दुसऱ्या शहरातल्या एका दवाखान्यात, राहतोही तिथेच. तिथे एक छोटी साउंडप्रूफ खोली आहे, मधे जाड काच. पेशंट आत हेडफोन लावून बसतो, मी बाहेर मशीनवर. मी बारीक आवाज सोडतो. ऐकू आला की त्यानं हातातलं बटण दाबायचं. आतलं बोलणं मला माझ्या हेडफोनमध्ये ऐकू येतं.

एका दुपारी शेवटचा पेशंट आत आला. गुळगुळीत दाढी केलेला, हाडं वर आलेली.

मी ओळखलंच नाही. मग तो वळला...

"बुवा!"

त्यानं झटकन मला गप केलं. जवळ येऊन अगदी हळू म्हणाला, "कान तपास माझे. आणि एक कर. घरच्या कुणाचं नाव काढू नकोस. कुणाचंही."

मला खूप काही विचारायचं होतं. शिव्यासुद्धा घालायच्या होत्या. पण त्याचे डोळे बघितले, आणि आधी कानच तपासायचं ठरवलं.

मी त्याला आत बसवलं. दार लावलं. तपासणी सुरू केली.

कान उत्तम होते. सुईच्या टोकाएवढा आवाजही त्याला कळत होता.

मग मी आवाज सोडायचा थांबलो. सवयीनं. पेशंट उगाच बटण दाबतो का, ते बघायला.

माझ्यासमोरचा दिवा लागला.

मी काहीच सोडलं नव्हतं.

दिवा परत लागला. परत. परत.

काचेतून बुवा माझ्याकडे एकटक बघत होता. जणू म्हणत होता, बघ. ते नाटक नव्हतं.

तेवढ्यात टेबलावर माझा मोबाइल थरथरला. स्क्रीनवर ताईचा फोटो आला.

मी पटकन तो पालथा घातला. तोंडून अक्षर काढलं नाही.

आणि माझ्या हेडफोनमध्ये आवाज आला. अगदी साधा. शेजारी चौकशी करतात तसा.

"कुणाचा फोन आहे?"

मी वर बघितलं.

बुवाचे ओठ घट्ट मिटलेले होते. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो काचेपलीकडून मान हलवत होता... सावकाश... नाही. नाही. नाही.

मी बोलायचं बटण दाबलं.

"कंपनीवाल्यांचा," मी म्हणालो. "कर्ज हवंय का विचारायला सारखे करतात."

मग पुन्हा...

"घरी कोण कोण असतं तुझ्या?"

"कुणी नाही," मी म्हणालो.

यानंतर हेडफोनमध्ये बुवाच्या श्वासाशिवाय काही ऐकू आलं नाही. तो उठला, हेडफोन काढून ठेवला, बाहेर आला. मला एकदा घट्ट मिठी मारली. माझ्या खांद्यावर त्याचं डोकं क्षणभर टेकलं होतं. मग तो निघून गेला. कुठे राहतो, काय खातो, मला माहीत नाही.

जाताना तो एकटा गेला का, हेही मला माहीत नाही.

परवा ताईला डॉक्टरेट मिळाली. घरी सगळे जमले होते. आईनं तीन वेळा फोन केला. बाबांनी निरोप पाठवला. घरी कुणी नाही असं सांगून बसलोय, मी गेलो नाही. कामाचं कारण लिहून पाठवलं. या सगळ्यांना मी दवाखान्यातलं काहीच सांगितलेलं नाही. तोंडानं बोलायची भीती वाटते, म्हणून इथे टाइप करतोय.

रात्री ताईचा मेसेज आला.

'बुवा रुसला, ते समजू शकते. पण तू का रे रुसलास माझ्यावर?'

उत्तर अजून दिलेलं नाही.