सोफ्याची उजवी बाजू

"घेऊ नका तो," तॅमसिन बोलून गेली आणि लगेच तिने जीभ चावली. अनोळखी माणसाला दुकानात असं कुणी अडवतं का!

मूनाह उपनगरातल्या जुन्या व्हिडिओ गेम्सच्या दुकानात तो उंच तरुण 'कंदील बेटं' या गेमच्या नवव्या भागाचा डबा हातात घेऊन उभा होता. डोंगरावर बर्फ, खाली भुरभुर पाऊस, त्यामुळे त्याचा कोट ओला झालेला. तिच्या पिशवीतही तोच डबा होता, विकायला आणलेला.

"का? वाईट वाटला तुम्हाला?"

"वाईट असता तर बरं झालं असतं. समुद्र असा केलाय की बघत बसावं. पण..."

त्या 'पण'पाशी ती जरा अडली, आणि मग सुटली ती सुटलीच. आधीचे आठही भाग दोघांनी एका टीव्हीसमोर बसून खेळायचे. एकाने होडी वल्हवायची, दुसऱ्याने कंदील धरायचा. ती आणि तिचा भाऊ ड्रू लहानपणापासून एकाच सोफ्यावर भांडत खेळले. कंदील ड्रूचा, सोफ्याची उजवी बाजूही त्याचीच. तो नोकरीसाठी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, पर्थला गेला. सहा वर्षं वाट पाहून नववा भाग आला, तर काय, ज्याने त्याने आपापल्या घरी बसून इंटरनेटवरून खेळायचं!

"मग भाऊ पर्थहून खेळेल की," तो म्हणाला.

"खेळलो ना. त्याचा आवाज येतो. पण मान वळवली की शेजारी कुणी नसतं."

त्याने हातातला डबा फळीवर ठेवला. मग म्हणाला, त्याचं नाव फर्गस, तो होड्या दुरुस्त करतो, आणि त्याने मित्राकडे खेळून पाहिलेला हा भाग त्याला सगळ्यांत आवडलाय. नावं ठेवणारी माणसं म्हातारी झालीत, एवढंच. तॅमसिनच्या नाकावर राग आला आणि ओठांवर हसू. तिने आपला डबा त्याच्या हातात कोंबला. "घ्या, फुकट. वल्हवा एकटेच."

त्याने तिच्या पिशवीवर आपला नंबर लिहिला. पश्चात्ताप झाला तर असावा म्हणून.

घरी येऊन तिने गेमचं मशीन लावलं, तर नववा भाग सुरू! डिस्क आतच राहिली होती. कपाळाला हात मारून तिने फोन केला.

"डबा रिकामा आहे," ती म्हणाली.

"माहितीये. हातात घेतल्यावरच हलका लागला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तुम्ही फोन कशाला केला असता?"

तॅमसिनला हसू फुटलं. बऱ्याच महिन्यांनी कुणी तिला असं चिडवलं होतं, आणि ते तिला फार आवडलं. रविवारी दुपारी येऊन डिस्क घेऊन जा, एवढंच ती कसंबसं म्हणाली.

रविवारी दार उघडलं तर फर्गस टीव्ही कवटाळून उभा. खांद्यावरच्या पिशवीत त्याचं मशीन. तिने डिस्क पुढे केली.

"ती राहू दे. मी दुकानातली घेतली." त्याने नजर चुकवली. "आपापल्या टीव्हीवर खेळायचं म्हणतात ना... पण ते दोन टीव्ही एका खोलीत ठेवायचे नाहीत, असं कुठं लिहिलंय?"

सोफ्याच्या उजव्या बाजूला धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता. तिथे कुणी बसू नये म्हणून तो कायम असायचा. तॅमसिनने तो दोन्ही हातांनी उचलून आत पलंगावर टाकला आणि बाहेर आली.

"बस," ती म्हणाली. "कंदील तू धर. आणि नीट धर... मला मान वळवून बघायची सवय आहे."