हातातली वायर

खोटं वाटेल, पण हे घडलेलं आहे. ज्यांच्या बाबतीत घडलं ते निवृत्त ग्रंथपाल माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातले.

रात्र नव्हती. भर दुपार होती, सतरा तारखेची, तीनचा सुमार.

त्यांचे मित्र, मास्तर, जाऊन तीन आठवडे झाले होते. मास्तर लॅपटॉपवर पुस्तक लिहीत. नजर अधू झाली म्हणून मोठा स्क्रीन आणून जोडला, तर तो काळाच राहिला. लॅपटॉपवर हौसेने लिनक्स ही निराळी प्रणाली टाकून दिली होती ती ग्रंथपालांनीच. मास्तरांनी त्यांना पाच वेळा फोन केला. पाचही वेळा उत्तर एकच. "उद्या येतो."

पुस्तक अर्धंच राहिलं.

आता मास्तरांच्या पत्नीने, वहिनींनी, बोलावलं होतं. "भाऊजी, मला एकच कळू द्या. एवढ्यातेवढ्यासाठी तर त्यांचं अडलं नव्हतं ना?"

एवढं विचारून त्या आत गेल्या.

ग्रंथपालांनी टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून एक ओळ टाइप केली. जोडलेल्या स्क्रीनची यादी आली. मोठा स्क्रीन जोडलेला होता, नुसता बंद. त्यांनी दुसरी ओळ टाइप केली...

लख्ख उजळला.

दोन मिनिटं. दोन मिनिटांचं काम.

त्यांचे कान तापले. आतून पावलं वाजली, तशी त्यांनी घाईने स्क्रीन बंद केला आणि दोन्हींना जोडणारी वायर उपटून हातात घेतली.

"वायरच मेलेली होती, वहिनी. आधी आलो असतो तरी काही उपयोग नव्हता."

वहिनींनी डोळे पुसले. "सुटले बाई. मी आपली मनातल्या मनात तुम्हालाच दोष देत होते."

ग्रंथपालांना वर बघवेना.

तेवढ्यात लॅपटॉपची घरघर थांबली. डोक्यावरचा पंखाही ऐकू येईना...

काहीतरी करायचं म्हणून त्यांनी पुन्हा यादी काढली.

मोठा स्क्रीन... जोडलेला.

वायर त्यांच्या मुठीत होती.

मग माउसचा बाण आपोआप सरकला. लॅपटॉपच्या कडेपलीकडे गेला... आणि शेजारचा स्क्रीन उजळला. मास्तरांचं शेवटचं पान. अक्षरं मोठी होत गेली. आणखी मोठी. अधू नजरेला दिसतील एवढी.

तिथे थांबली.

"अगंबाई, लागला की," वहिनी म्हणाल्या. "नवी वायर आणली होतीत वाटतं?"

ग्रंथपालांनी मूठ पाठीमागे नेली.

"हो."

ती वायर आज त्यांच्या कपाटात आहे. वहिनी अधूनमधून फोन करतात, स्क्रीन छान चालतोय म्हणून सांगतात. मागे कोणती वायर आहे ते जरा बघा, असं दर वेळी ग्रंथपालांच्या ओठांवर येतं.

पण मग पहिली, चांगली वायर का काढली, तेही सांगावं लागेल.